केस कोठे वाढतो आणि कोठे तुटतो

गेल्या सत्रात आरोग्याच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना एक सूचना केली होती : आपल्या शरीराविषयी जे विचारावयाचे असेल ते चिठ्ठीवर लिहून द्यावे, खाली नाव घालू नये. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा निम्म्याहून अधिक प्रश्न केसांविषयीचे निघाले. ‘केस लांब होण्यासाठी कोणते तेल लावावे?’ ‘कापल्याने केस लवकर वाढतात हे खरे काय?’ ‘माझे केस मूठमूठ जातात, मला टक्कल पडेल का?’ एका चिठ्ठीत तर एवढेच लिहिले होते की, ‘माझी वेणी बारीक झाली म्हणून मी स्नेहसंमेलनाच्या नाचातून नाव काढून घेतले.’ ज्या गोष्टीपायी एखादी मुलगी रंगमंचावर पाऊल ठेवावयास कचरते, ती क्षुल्लक म्हणून सोडून देणे आम्हांस योग्य वाटले नाही. म्हणून यंदाच्या अंकात हा लेख. मुलांनी मात्र हे पान मुलींचे समजून उलटू नये. त्यांच्याही कामाचे यात पुष्कळ आहे.

केसांविषयी विचार करताना आपल्या मनात बहुधा रोपट्याची उपमा असते. रोपास पाणी व खत घातले म्हणजे ते वाढते, तद्वत केसांस तेल घातले म्हणजे तेही वाढतील, अशी आपली समजूत. उपमा सुंदर आहे, पण ती येथे लागू पडत नाही. रोप जिवंत असते. आपण जो विंचरतो, ज्याची वेणी घालतो, ज्याला तेल लावतो, तो केस जिवंत नसतो. तसे असते तर न्हाव्याची कात्री चालताना आपण ओरडलो असतो. केसाचा जिवंत भाग म्हणजे केवळ त्याचे मूळ. ते डोक्याच्या त्वचेच्या आत काही मिलिमीटर खोल एका अरुंद खाचेत बसलेले असते. ह्या खाचेस केशकूप म्हणतात. कूपाच्या तळाशी कांद्याच्या घाटाचा एक फुगीर कंद असतो आणि त्यात अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात. रक्तातून येणाऱ्या अन्नावर तेथील पेशी पोसतात, भराभर दुभंगतात, आणि नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर सरकता सरकता ह्या पेशी केरॅटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरून जातात व मरतात. त्वचेबाहेर येतो तो ह्या मृत पेशींचा घट्ट वळलेला धागा. आपली नखे, गाईचे शिंग, घोड्याचा खूर आणि मेंढीची लोकर ही सर्व याच जातीच्या द्रव्याची घडलेली आहेत.

केस शेंड्याकडे वाढत नाही, मुळाशी वाढतो, ह्याचा पुरावा बहुतेक घरांत मिळेल. आजी मेंदी लावते. महिन्याभराने तिच्या भांगाशी पांढरा पट्टा दिसू लागतो. मेंदीचा रंग उडालेला नसतो. रंगलेला केस पुढे सरकलेला असतो आणि मागून नवा, न रंगलेला केस आलेला असतो. तो पट्टा मोजपट्टीने मोजावा. साधारण एक सेंटिमीटर, क्वचित थोडा अधिक भरेल. डोक्याचा केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर व वर्षास बारा ते पंधरा सेंटिमीटर ह्या गतीने वाढतो. ही गती ज्याच्या त्याच्या प्रकृतीने ठरलेली असते. वरून काही चोपडल्याने ती दुप्पट होत नाही. ‘एका महिन्यात केस वीतभर’ असे अभिवचन देणारी जाहिरात दिसली, तर वाचकांनी आजीच्या भांगातील तो पट्टा आठवावा.

मग एकीचा शेपटा गुडघ्यापर्यंत आणि दुसरीचा खांद्याखाली उतरत नाही, असे का? ह्याचे उत्तर गतीत नसून मुदतीत आहे. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाचे स्वतंत्र पंचांग असते. दोन ते सहा वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ, तो वाढत राहतो. नंतर दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आखडते. मग सुमारे तीन महिने तो नुसता कूपात अडकून बसतो आणि शेवटी गळून पडतो. त्याच कूपातून पुढे नवा केस निघतो. सावरीचे झाड हिवाळ्याच्या अखेरीस एकदम निष्पर्ण होते. परंतु ज्या वटवृक्षांवरून आपल्या बडोद्याचे नाव पडले असे सांगतात, त्या वडाची पाने गळत असतात आणि झाड मात्र हिरवेच दिसते. आपले डोके वडासारखे आहे. कोणत्याही दिवशी शंभरांपैकी पंच्याऐंशी ते नव्वद केस वाढत असतात व उरलेले जाण्याच्या तयारीत असतात. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे आरोग्याचेच लक्षण होय. दोन दिवसांनी न्हाणाऱ्या मुलीच्या हातात दोन दिवसांचे केस एकदम येतात आणि ती घाबरते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आता हिशेब सोपा झाला. ज्या मुलीच्या केसांची वाढीची मुदत चार वर्षांची, तिचे केस न कापताही पन्नास-साठ सेंटिमीटरच्या आसपास थांबतील. सहा वर्षांची असेल तर कंबरेखाली जातील. ही मुदत बव्हंशी आईवडिलांकडून मिळालेली असते. भुवईच्या केसाची मुदत काही महिन्यांतच संपते, म्हणून भुवईची वेणी घालण्याचा प्रसंग कोणावर येत नाही.

आपल्या गुजरातेतीलच एक उदाहरण घेऊ. मोडासा येथील नीलांशी पटेल हिचे केस २०२० साली, तिला अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, दोनशे सेंटिमीटर भरले आणि किशोरवयीनांतील सर्वांत लांब केस म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथात त्यांची नोंद झाली. सहाव्या वर्षी केस वाईट कापले गेल्याने तिने पुढे कात्री लावू दिली नव्हती. बारा वर्षांत दोनशे सेंटिमीटर, म्हणजे वर्षास साडेसोळा ते सतरा आणि महिन्यास सुमारे एक पूर्णांक चार दशांश सेंटिमीटर. चिनी महिला शिए छ्यूफिंग हिने १९७३ सालापासून केस वाढविले. २००४ साली ते ५.६२७ मीटर भरले, म्हणजे वर्षास अठरा सेंटिमीटर. दोघींचीही गती आपल्याहून थोडीच अधिक आहे. विलक्षण आहे ती मुदत. आणि तितकीच विलक्षण गोष्ट ही की, इतक्या वर्षांत त्या केसांची टोके तुटून गेली नाहीत. येथील राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे पाहून मुली उसासे टाकतात; पण चित्रातल्या नायिकेच्या केसांचा गुंता कोणालाच काढावा लागत नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

मुदत आपल्या हाती नाही. टोक मात्र आपल्या हाती आहे, आणि सामान्यतः केस ‘वाढत नाहीत’ अशी जी तक्रार असते ती खरे पाहता टोके तुटण्याची असते. मुळाशी महिन्याला एक सेंटिमीटर मिळतो आणि शेंड्याला तितकाच झडून जातो. वर्षानुवर्षे वेणी तेथल्या तेथे. नववीतील मुलीची वेणी कंबरेपर्यंत असेल, तर तिच्या टोकाचा केस ती तिसरी-चौथीत पाढे पाठ करीत असताना त्वचेबाहेर आलेला आहे. तेव्हापासून त्याने किती वेळा साबण, किती फणीचे दात, किती उन्हाळे आणि किती उशा सोसल्या असतील! मृत असल्यामुळे त्याला स्वतःची डागडुजी करता येत नाही. हाताची कातडी खरचटली तर भरून येते. केस खरचटला तर तो तसाच राहतो.

केसाची घडण पाहिली म्हणजे तो कसा खरचटतो हे कळते. बाहेरच्या अंगाला पारदर्शक खवल्यांचे थर असतात आणि ते मंगलोरी कौलांप्रमाणे एकावर एक, उतार शेंड्याकडे ठेवून, बसविलेले असतात. आतला गाभा लांब तंतूंचा असून त्यात केसाचे बळ असते; निरोगी केस साधारण पन्नास ते शंभर ग्रॅम वजन पेलतो. खवल्यांचा हा उतार सूक्ष्मदर्शकावाचूनही पडताळता येतो. गळलेला एक लांब केस अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरावा आणि बोटे लांबीच्या दिशेने मागेपुढे चोळावीत. केस दोन्हीकडे न सरकता एकाच दिशेने, मूळ पुढे करून, सरकू लागेल. उलट दिशेस जाण्यास खवले अटकाव करतात. एकदा का हे खवले उचकटले की केस निस्तेज दिसतो, शेजारच्या केसांत अडकतो, आणि शेवटी गाभा उघडा पडून त्याला फाटे फुटतात. फुटलेला फाटा कोणत्याही लेपाने कायमचा सांधत नाही. तो कापावाच लागतो. येथे एका चिठ्ठीचे उत्तर देऊन टाकू. कापल्याने केस लवकर वाढत नाहीत, कारण शेंड्यास काय झाले हे मुळास कळण्याचा मार्ग नाही. परंतु फाटा फुटलेले टोक काढून टाकले तर तो फाटा वर चढत नाही. बाळाचे जावळ काढल्याने केस दाट येतात ही समजूतही तशीच आहे. पहिल्या केसाचे टोक निमुळते असते, कापलेल्याचे बोथट. बोथट टोके हाताला भरीव लागतात, एवढाच फरक.

तेलाविषयी आम्ही वर जे लिहिले त्यावरून तेल व्यर्थ आहे असा अर्थ कोणी काढू नये. तेलाने केस लांबत नाहीत. पण लांबलेला केस टिकतो, आणि ह्या कामी खोबरेल फार गुणाचे आहे. ओला झाला की केस फुगतो, वाळला की आक्रसतो. असे वारंवार झाले म्हणजे खवले सैल होतात आणि धुताना केसातील प्रथिन थोडे थोडे निघून जाते. मुंबईच्या आरती रेले व आर. बी. मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत खोबरेल लावलेल्या केसांतील प्रथिनाची हानी लक्षणीय प्रमाणात कमी झाली. इतर दोन तेलांनी तसे घडले नाही. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेतले होते, हे वाचकांस सांगणे आम्ही आवश्यक समजतो. तथापि त्याची कारणमीमांसा पटण्याजोगी आहे : खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो, सूर्यफुलाच्या तेलातील रेणू वाकडे व थोराड, ते बाहेरच राहतात. म्हणून तेल न्हाण्यापूर्वी लावावे. न्हाल्यावर चोपडले तर धुळीला आमंत्रण. कोंडा असलेल्यांनी रात्रभर तेल ठेवू नये, कारण कोंड्याला कारणीभूत होणारी बुरशी तेलकट द्रव्यांवरच पोसते. माका, ब्राह्मी, जास्वंद, आवळा घालून कढविलेली तेले घरोघरी आहेत. त्यांचा वास मन प्रसन्न करतो आणि आजीच्या हाताची मालीश झोप आणते. परंतु ती केसाची मुदत वाढवितात असा खात्रीचा पुरावा नाही. तेव्हा आजीच्या बाटलीस नमस्कार करावा आणि बाजारातील महागड्या बाटलीस दुरूनच.

न्हाण्याविषयी थोडक्यात. शिकेकाई आणि रिठा यांत फेस आणणारे सौम्य द्रव्य असते व शिकेकाई किंचित आम्ल असल्याने खवले बसून राहतात. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो, तो खवले उचकटतो; शिवाय कूपनलिकेचे पाणी जड असेल तर साबणाचा पांढरा चिकट गाळ केसांत राहतो. पाणी जड आहे की नाही हे साबणाचा फेस होतो की नाही यावरून कळते. अशा घरी शेवटच्या तांब्यात थोडे लिंबू पिळावे. सौम्य शाम्पूही वाईट नाही. हा शब्द परका वाटतो, पण तो आपल्याच ‘चंपी’चा भाऊबंद आहे. १७५९ साली पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे मालिशीचे स्नानगृह काढले आणि तेथून तो शब्द इंग्रजांच्या तोंडी रुळला. त्याला साबणाचा अर्थ पुढे चिकटला. शाम्पू डोक्याच्या त्वचेला चोळावा, टोकांना नव्हे. वाहणारा फेस टोकांना पुरतो.

ओला केस दुबळा असतो आणि ओढला तर अधिक ताणतो. म्हणून न्हाल्या न्हाल्या बारीक फणी चालवू नये. पंचाने रगडण्याऐवजी दाबून पाणी टिपावे आणि मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता खालून वर, टोकापासून सुरुवात करून, सोडवीत यावे. सकाळी शाळेची घंटा जवळ आली म्हणजे आई वरून खाली कंगवा ओढते आणि मुलगी किंचाळते. तो आवाज केस तुटल्याचा असतो. केस सरळ करण्याची विजेची इस्त्री दोनशे अंशांपर्यंत तापते. ओल्या केसावर ती फिरविली तर आतील पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे होतात व तो तेथेच मोडतो. लग्नसमारंभास एखादे दिवशी हौस करावी. रोज करू नये.

वेणीच्या घट्टपणाविषयी मात्र आम्हांस जरा अधिक बोलावेसे वाटते, कारण तो दोष शाळांचाही आहे. शिस्तीच्या नावाखाली कानशिलावरील केस मागे ओढून, दोन घट्ट वेण्या रिबिनीने दुमडून बांधण्याची रीत चालत आली आहे. रोजच्या ओढीने कपाळाकडील व कानांपुढील केशकूप दुखावतात. ताण वर्षानुवर्षे राहिला तर ते कूप कायमचे मिटतात, मग तेथे केस येत नाही. वेणी घातल्यावर भुवया ताणल्यासारख्या वाटत असतील, डोके ठणकत असेल, कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसत असतील, तर ती वेणी सोडून सैल घालावी. जड गंगावन लावून वेणी लांबविण्याच्या हौसेतही हाच धोका असतो. नीटनेटकेपणासाठी सैल तिपेडी वेणी पुरेशी आहे, असे आमचे मत आम्ही शाळेच्या चालकांपुढेही मांडले आहे.

आता मुळाकडे वळू. केशकंदातील पेशी शरीरातील सर्वांत त्वरेने दुभंगणाऱ्या पेशींपैकी आहेत. कर्करोगावरील औषधे त्वरेने दुभंगणाऱ्या पेशींवर घाव घालतात, म्हणूनच त्या उपचारांत केस जातात, आणि उपचार संपल्यावर बहुधा पुन्हा येतात. इतक्या वेगाने काम करणाऱ्या कारखान्यास कच्चा माल अखंड हवा. परंतु शरीराचा कारभार काटकसरी गृहिणीसारखा आहे. अन्न वा रक्त अपुरे पडले की ती हृदय, मेंदू यांचा वाटा आधी काढून ठेवते आणि केसांस म्हणते, तुम्ही थांबा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के आणि त्याच वयाच्या मुलांपैकी सुमारे ३१ टक्के रक्तक्षयाने पीडित आढळले. रक्तक्षय असलेल्या प्रत्येकीचे केस गळतातच असे नाही. पण ज्या मुलीचे केस विरळ होत आहेत, जिना चढताना धाप लागते, डोळ्यांची खालची पापणी आतून फिकट दिसते, तिच्या घरच्यांनी तेलाच्या दुकानात जाण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे.

शाळांतून आठवड्यास एकदा लोहाची निळी गोळी देण्याची योजना देशात २०१२-१३ पासून आहे. ही गोळी पुष्कळ मुली रुमालात गुंडाळून टाकून देतात. तिने मळमळते, शौचास काळे होते, अशी त्यांची तक्रार असते. काळा रंग निरुपद्रवी आहे आणि जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. मेंदूसाठी घ्या म्हटले तर घेत नाहीत. निदान केसांसाठी तरी घ्यावी! जेवणात मेथी, चवळी, हरभरा, मूग, बाजरी, अळीव असावे, उसळीवर लिंबू पिळावे, कारण लिंबाने लोह अंगी लागते. जेवणाबरोबरचा चहा मात्र ते अडवितो. लोखंडी कढईत शिजविलेल्या भाजीतूनही थोडे लोह मिळते. केस प्रथिनाचे असल्याने डाळ, दूध, शेंगदाणे आणि खाणाऱ्यांनी अंडी-मासे यांत कसूर करू नये. बारीक होण्यासाठी उपाशी राहणाऱ्या मुलींना तर त्यांचा कंगवाच पुरावा दाखवितो. बायोटिनच्या गोळ्यांचे सध्या फार स्तोम आहे. त्या जीवनसत्त्वाची उणीव क्वचितच असते, आणि जादा मात्रेने रक्ततपासणीचे निष्कर्ष चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला. अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने तर उलट केस गळतात.

एक प्रसंग येथे सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांमागे आमच्या एका विद्यार्थिनीस श्रावणात डेंग्यू झाला. ती बरी झाली, सहामाही परीक्षेसही बसली. आणि दिवाळीच्या सुमारास तिचे केस ओंजळीओंजळीने जाऊ लागले. सुट्टीनंतर ती डोक्यावर ओढणी घेऊन आली, मग येईनाशीच झाली. घरच्यांनी पाणी बदलले, तेले बदलली, कोणाची दृष्ट लागली असेल म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या. तापाचा विचार कोणाच्या मनात आला नाही, कारण ताप तर केव्हाच गेलेला. केसांच्या पंचांगाकडे पाहिले असते तर कोडे उलगडले असते. तीव्र ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा जबर मानसिक धक्का यांमुळे एरवी वाढत राहिलेले पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीस जातात. विश्रांती सुमारे तीन महिन्यांची. म्हणून गळती दिसते ती दोन-तीन महिन्यांनी, तीही एकदम. कूप मात्र शाबूत असतात. बहुतेकांची गळती सहा महिन्यांच्या आत थांबते व केस परत येतात. तिच्याही कपाळावर फाल्गुनात नवे आखूड केस उभे राहिले. तोवर चौथे तेल चालू होते, आणि सारे श्रेय त्यास मिळाले. तिचा बुडालेला अभ्यास मात्र कोणत्याही तेलाने भरून आला नाही. ज्या घरी यंदा मोठा ताप येऊन गेला असेल, त्यांनी हे आधीच जाणून असावे.

काही गोष्टी मात्र वाट पाहण्याच्या नव्हेत. डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर त्यास आपण चाई म्हणतो, येथील लोक उंदरी म्हणतात. ते उंदराचे वा किड्याचे काम नसून शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून केशकूपांवर उलटलेली असते. तो विकार स्पर्शाने पसरत नाही, तेव्हा अशा मुलाच्या बाकावर बसण्यास कोणी कचरू नये. चट्ट्यावर खवले व मोडके केस दिसले तर मात्र ती गजकर्णाच्या जातीची बुरशी असू शकते. ती संसर्गजन्य आहे आणि पोटात घेण्याच्या औषधावाचून जात नाही. सोळा-सतराव्या वर्षी कपाळाचे कोपरे मागे हटू लागलेल्या मुलांनी समजावे की, हा बहुधा आनुवंशिक प्रकार आहे, त्यास टोपी वा शाम्पू कारण नाही. या सर्वांस त्वचारोगाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

राहता राहिल्या उवा. चिठ्ठीवरही हा शब्द कोणी लिहिला नव्हता, पण आम्हांस ठाऊक आहे. ऊ उडत नाही, उडी मारीत नाही. डोक्यास डोके लागले म्हणजे चालत जाते, आणि स्वच्छ डोक्यावरही तितक्याच आनंदाने राहते. तिच्यासाठी डोक्याला रॉकेल लावणे हा जीवघेणा प्रकार आहे. शेजारी चूल वा दिवा असताना मुली भाजल्या आहेत. औषध दुकानातील उवांचे औषध सूचनेप्रमाणे लावावे आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावे, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या लिखा तोवर फुटलेल्या असतात. मधल्या दिवसांत ओल्या केसांना थोडे तेल लावून पांढऱ्या कापडावर बारीक फणी फिरवावी. आणि येथे आजीच्या भांगातील तो एक सेंटिमीटर पुन्हा उपयोगी पडतो. ऊ आपली लीख त्वचेलगत चिकटविते. पुढे केस वाढेल तशी ती मुळापासून दूर सरकते. त्वचेपासून सेंटिमीटरभर दूर दिसणारी लीख म्हणजे महिन्यापूर्वीचे रिकामे टरफल. तेवढ्यावरून कोणत्याही मुलीस वर्गाबाहेर बसविण्याचे कारण नाही.